वलणी कोणी वर बांधली

रंभानं वलणीवरचं पातळ काढायला हात वर केला, आणि तो पोचला नाही. बोटांची टोकं बांबूच्या खाली हवेतच राहिली. ती चवड्यांवर उभी राहिली तेव्हा पातळाचा काठ चिमटीत आला. तो ओढताना पाठीत असं काही चमकलं, की ती भिंतीला घासत खाली बसली. पातळाच्या पाठोपाठ वरची गोधडीही तिच्या डोक्यावर येऊन पडली.

सून रेश्मा भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती मधल्या घरात आली.

"काय झालं आई?"

"काय झालं विचारतेस?" गोधडीच्या आतून आवाज आला. "वलणी वर कोणी बांधली?"

"वर? कोणी बांधली?"

"तेच तर मी विचारते तुला."

वलणी म्हणजे मधल्या घरात दोन वाशांना दोरीनं टांगलेला आडवा बांबू. घरातले सगळे कपडे, गोधड्या, पावसात न वाळलेली लुगडी त्यावर असायची. धुरानं तो काळा कुळकुळीत झाला होता. घर बांधलं त्या वर्षी तो टांगला, त्यानंतर तो तिथंच होता, आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं असेल असं वाटत नव्हतं.

"कोणी हात लावला नाय वलणीला," रेश्मा म्हणाली.

"मग काय आपोआप वर गेली? परवापर्यंत माझा हात पोचत होता. म्हातारीनं पातळासाठी पण सुनेकडे मागावं, म्हणून बांधली असशील."

रेश्मानं गोधडी उचलून घडी घातली. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि ती आत गेली.

रंभाचा नवरा भगीरथ ओटीवर बांबूच्या पाटीचा सुटलेला काठ बांधत बसला होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. न ऐकल्यासारखं करणं त्याला चाळीस वर्षांच्या सवयीनं जमायचं, पण रंभानं हाक मारलीच.

"अवो, इकडे या. बघा ही वलणी."

तो आला. मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. "गाठ माझीच हाय," तो म्हणाला. "अशी गाठ या घरात दुसरा कोण बांधत नाय."

"झालं?" आतून रेश्मा म्हणाली.

"म्हणजे…" भगीरथनं डोकं खाजवलं. "कौलं चाळली तेव्हा सोडली होती मी. परत बांधताना जरा आखूड झाली असंल तर…"

"बाबा, तुमी एक काय ते बोला."

"बोललो ना. गाठ माझी. पण वर गेली असंल तर माझ्याच हातून गेली असंल."

"कौलं चाळून दोन पावसाळे झाले," रंभा म्हणाली. "तेव्हापासनं मी काय उडी मारून लुगडं काढते? तुमी तिची बाजू घेऊ नका."

भगीरथला आपण कुणाचीच बाजू घेतलेली नाही असं वाटत होतं. पण तेही त्याला खात्रीनं सांगता आलं नसतं. तो ओटीवर परत गेला.

संध्याकाळी मुलगा शेखर वाशिंदहून कंपनी सुटल्यावर मोटरसायकलवर भिजत आला. आईची तक्रार ऐकून त्याला हसू आलं. "आये, डोकं चालव जरा. दर सणाला ही जमीन सारवतेस. शेणाचा थर वाढतो का नाय? म्हणजे जमीन वर येते. वलणी जवळ यायला पायजे, लांब कशी जाईल?"

"तू इंजिनेर झालास काय? मापं शिकवतोस मला?"

"माप नाय, सरळ गोष्ट हाय."

"सरळ गोष्ट ही, की माझा हात पोचत नाय."

शेखर टॉवेल शोधू लागला. तो वलणीवरच होता. त्यानं मान खाली घालून, न बघता हात वर केला आणि टॉवेल काढला. रंभा त्याच्याकडे बघत राहिली.

* * *

गोष्ट घरात राहिली असती तर जिरली असती. पण दुसऱ्या दिवशी रंभा नळावर गेली. सापगावच्या पुढच्या त्या गावात पाणी सकाळी येतं, आणि कळशी भरेपर्यंत बोलायला भरपूर वेळ असतो. तिथं तिची चुलत जाऊ सरिता होती, आणखी चार जणी होत्या.

"नव्या तऱ्हा हायत गो," रंभा म्हणाली. "आमच्याकडे सुनेनं वलणी आढ्याला नेऊन बांधली. सासूला हात पुरू नये."

"रेश्मानं?" सरिताला खरं वाटेना. "ती तुझ्याच मापाची ना? तिचा तरी कसा पुरतो?"

"पुरतो तिचा. बघते ना मी."

सरिता हसली. "मीच ताट ठेवलं होतं तुमच्या दोघींच्या डोक्यावर. इतकी सारखी जोडी मी बघितली नव्हती."

ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. रेश्माला बघायला टोकावड्याच्या बाजूला गेले, तेव्हा रंभानं मुलीला उठवून तिच्या पाठीला पाठ लावली होती. सून सासूहून उंच नको, असं त्यांच्या घराण्यातल्या बायका बघत. सरितानं पोह्यांचं ताट दोघींच्या डोक्यांवर आडवं ठेवलं, आणि ते हललंसुद्धा नाही. "पास!" असं कुणीतरी ओरडलं होतं. रेश्माला तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं होतं.

नळावरचं बोलणं दुपारच्या आत रेश्माकडे आलं. तिनं हातातली भांडी खाली ठेवली, आणि संध्याकाळी शेखर चहा घेत असताना सगळ्यांसमोर म्हणाली, "वाशिंदची खोली अजून रिकामी हाय काय?"

शेखरनं कप खाली ठेवला. कंपनीतल्या एकानं दाखवलेली ती खोली दोघांनी मागच्या उन्हाळ्यात पाहिली होती आणि नको म्हटलं होतं.

"भाताची आवणी होऊ दे," रेश्मा म्हणाली. "शेत अर्ध्यावर टाकून मी जाणार नाय. लावून झालं की निघू. घरात मला काय बोलायचं ते बोला आई, मी ऐकते. पण चार बायांत बोलल्या. जे चार बायांत बोलल्या ते चार बायांत परत घ्यावं, नायतर मी राहत नाय."

"मी?" रंभा म्हणाली. "मी परत घेऊ?"

भगीरथच्या माहितीत रंभानं आजवर बोललेला शब्द कधी मागं घेतला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमटीत मीठ जास्त पडलं, तेही तिनं मान्य केलं नव्हतं. तो उठून उगाच बाहेर पाऊस बघायला गेला.

* * *

रंभाची पाठ मात्र त्या चमकेनंतर सरळ होईना. खोकली तरी ती भिंत धरायची. आवणी तोंडावर आली होती, राबाच्या वाफ्यातली भाताची रोपं वीतभर झाली होती. शेवटी शेखरनं सुट्टी टाकली आणि आईला शहापूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. रेश्मा बरोबर गेली, कारण बाईच्या गोष्टी बाईनंच सांगाव्या लागतात. भगीरथही गेला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी पाठीचा फोटो उजेडावर धरला.

"मावशी, पडला होतात कधी?"

"मी कशाला पडू?"

"ओझं उचलताना पाठीत चमक भरली असेल. आठवडा-दोन आठवडे दुखून राहिलं असेल."

"ओझं काय मी एकटी उचलते? चमक सगळ्यांना भरते. काम केलं की जिरते."

"जिरत नाही." डॉक्टरांनी पेनानं फोटोवर दाखवलं. "हे तीन मणके बघा. ओली वीट वरच्या भारानं चेपावी तसे चेपलेत. हाडं आतून पोकळ झाली की असं होतं. तुमची उंची कमी झाली असेल. आधी किती होती?"

कुणालाच माहीत नव्हतं. रंभाची उंची आजवर कुणी मोजली नव्हती.

"उंची कशी कमी होईल?" रंभा म्हणाली. "मी काय साबणाची वडी हाय झिजायला?"

डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. पाळी कधी गेली?

"गेली नाय. पिशवी काढली. शेखर शाळेत जायचा तेव्हा. छत्तीसची असेन."

"नुसती पिशवी, की अंडाशयही काढले?"

"मला काय दाखवलं त्यांनी?"

रेश्मानं खाली बघितलं. तिला हे आजवर माहीत नव्हतं.

"दूध घेता?"

"दोन म्हशी हायत."

"तुम्ही स्वतः घेता का, ते विचारलं."

"डेरीला जातं," भगीरथ हळूच म्हणाला. "ती चहा पण कोरा घेते."

"मिशेरी?"

रंभानं तोंड मिटून घेतलं, म्हणजे डॉक्टरांना उत्तर मिळालं.

"आणि गुडघ्यांसाठी काय घेता? ते तर दुखत असणारच."

भगीरथनं सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. बाजारात एक माणूस झाडपाल्याचं औषध म्हणून विकायचा. ती घेतली की आवणीभर रंभाचे गुडघे कुरकुरत नसत, भूक लागे, चेहरासुद्धा भरल्यासारखा दिसे. "हिच्यानं लय गुण येतो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"गुडघे धरले तेव्हापासनं. पाच-सहा वर्षं."

"रोज?"

"आवणी-कापणीला रोज. एरवी दुखेल तशी."

"यात झाडपाला किती आणि स्टिरॉइड किती, ते विकणाऱ्यालाही माहीत नसेल. त्यानंच दुखायचं थांबतं आणि त्यानंच हाडं आतून पोखरतात."

"आजपासनं बंद," भगीरथ लगेच म्हणाला, आणि पुडी चुरगाळू लागला.

"थांबा!" डॉक्टर एवढ्यानं ओरडले, की दारातली नर्स आत डोकावली. "एकदम बंद करायची नाही. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडली तर अंगातली ताकदच जाते, माणूस उठत नाही. मी त्याऐवजी गोळी देतो, ती सांगेन तशी कमी करत आणायची. काय हो, घ्यायला लागताना कुणाला विचारत नाही, आणि सोडतानाही विचारत नाही!"

भगीरथनं पुडी पुन्हा सरळ केली. आपण काहीही केलं तरी चूकच होतं, असं त्याला नेहमी वाटायचं. आज ते तोंडावर सांगितलं गेलं.

मग डॉक्टरांनी काय काय ते सांगितलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. चालायचं मात्र रोज, घरात बसून हाडं आणखी विरतात. सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, पाऊस उघडेल तेव्हा. मिशेरी सोडायची. दूध, दही, नागली, तीळ, सुका जवळा पोटात जाऊ द्यायचा.

"जवळा आमी खातोच," रंभा म्हणाली.

"मग तेवढं एक तुम्ही बरोबर करता," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले. "आवणीला वाकायचं नाही, कळलं? आता एखादा मणका गेला तर मला काही करता येणार नाही."

बाहेर आल्यावर रेश्मा पटकन म्हणाली, "ऐकलंत ना? उंची कमी झाली बोलले."

"असेल बोलले. त्यानं माझी आधीची उंची बघितली होती काय? त्यानं आपली वलणी बघितली काय?"

रेश्मानं कपाळावर हात मारला. शेखर रिक्षा शोधायचं निमित्त करून लांब गेला.

* * *

आठवड्यातून एक गोळी हाडांसाठी होती. ती घ्यायची रीत एवढी किचकट, की रंभाला ती आपल्याला छळायलाच काढलीय असं वाटे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, मिशेरी नाही, आणि आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. नाहीतर गोळी घशात अडकून जाळते.

रविवारी तिला ओटीवर लाकडी खुर्चीत बसवलं. भगीरथ समोर मोबाइल धरून वेळ बघत होता. डेअरीकडे जाणारे लोक थांबून विचारत.

"काय रंभावयनी, फोटो काढायला बसल्यात काय?"

"शिक्षा हाय," रंभा म्हणाली. "शाळेतल्या पोरासारखी बसवलीय मला."

तिची पाठ खुर्चीत घसरू लागली.

"आई, सरळ बसा," रेश्मा आतून म्हणाली. नळावरच्या त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतंच बोलत होती, पण काम एवढं होतं की बोलणं दिवसभर चाले.

"सरळच हाय मी."

"कलंडलात. घशाला लागेल."

"आडवी व्हायला अजून मेली नाय मी. अवो, झाला काय अर्धा तास?"

"अर्धा व्हायचाय."

"अर्ध्याचा अर्धा? बॅटरी संपली असेल तुमची."

भगीरथनं मोबाइल कानाला लावून पाहिला, आणि मग मोबाइलचं घड्याळ कानाला लावून कळत नाही हे लक्षात आल्यावर ओशाळून खाली केला.

रेश्मा नागलीची भाकरी करू लागली. नागली डोंगरातल्या पाड्यावरची मंगळी आणून द्यायची. रंभाच्या ताटात आधी ती पडे, मग जवळ्याची चटणी, मग दह्याची वाटी. वाटी ताटात ठेवताना रेश्मा ती जरा आपटूनच ठेवी. रंभा खाई, आणि नागली घशाला टोचते म्हणे. मिशेरीचा डबा रेश्मानं माळ्यावर टाकला होता. रंभानं शोधला तेव्हा तो वलणीच्याही वर होता, आणि त्यावरून आणखी एक भांडण झालं.

एका गोष्टीकडे मात्र रेश्मा रोज बघत होती. सासूच्या पातळाचा काठ पायात येत होता. रंभा कमरेशी एक वळसा जास्त खोचायची, तरी संध्याकाळपर्यंत काठ चिखलानं भरायचा. "हल्ली पातळं मोठी येतात," असं ती म्हणे. पातळ जुनंच होतं. रेश्मानं ते दाखवून द्यायचं ठरवलं, दोनदा ओठांवरही आणलं. पण आपण खरं असल्याचा पुरावा तिच्या चेपलेल्या पाठीतून काढायचा, हे तिच्यानं झालं नाही. त्यामुळे तिचा राग कमी न होता वाढला.

* * *

आवणीला रंभाला घरी ठेवायचं ठरलं होतं. ती सगळ्यांच्या आधी शेतावर जाऊन बसली.

"नुसती बसते," ती म्हणाली. "बसायला पण बंदी हाय काय?"

तिला बांधावर पालथ्या पाटीवर बसवलं, वरून प्लॅस्टिकचा कागद दिला. खाली चिखलात बायका ओळीनं वाकल्या होत्या. रेश्मा, सरिता, मंगळी, नळावरच्या आणखी दोघी. पाऊस बारीक पण सतत होता. पायांच्या पोटऱ्या पांढऱ्या पडल्या होत्या, आणि चिखलातून पाय काढताना होणारा आवाज तेवढा सगळीकडून येत होता. रंभा बांधावरून ओळीकडे बघत होती आणि तिचं तोंड चालू होतं.

"रेश्मे, दाट लावतेस. सरिते, तुझी ओळ सापासारखी चाललीय. मंगळे, मुठी संपल्या बघ तिकडे."

"आणते ना," मंगळी म्हणाली. ती दरवर्षी आवणीला यायची. रंभाहून दहाएक वर्षांनी लहान, काटक.

राबाकडून रोपांच्या मुठी आणायच्या तर त्या दोघींची एक ठरलेली पद्धत होती. मोठी पाटी दोरीनं बांबूला मधोमध टांगायची, एकीनं पुढून, एकीनं मागून बांबू खांद्यावर घ्यायचा. दोघी उंचीला सारख्या, त्यामुळे पाटी मधून हलत नसे. बायका त्यांना बैलजोडी म्हणत. भगीरथ दुसऱ्या तुकड्यात चिखलणीच्या मशीनमागं होता. रेश्माची पाठ इकडे होती. रंभा उठली.

"रंभाबाय, तुला उचलायला नाय सांगितलंय," मंगळी म्हणाली.

"मी काय उचलते? बांबू खांद्यावर नुसता टेकायचा. घे पुढून."

मंगळीनं नाइलाजानं पुढून घेतलं. दोघी सपाट बांधावरून निघाल्या, आणि पाटी सरकत मागं येऊन रंभाच्या छातीला लागली.

"मंगळे, तू टेकाड चढतेस काय?"

"सपाट बांध हाय बाय."

"मग खांदा खाली कर. दोरी ओली हाय, सरकते."

दोरी पुन्हा मधे घेतली. चार पावलांत पाटी परत रंभाकडे आली.

"माझ्या जागी ये. मी पुढं होते."

जागा बदलली. आता रंभा पुढं. पाटी पुढं सरकत आली आणि तिच्या पाठीवर बसली, बरोबर दुखऱ्या जागी. रंभाच्या तोंडून आवाज निघाला. तिनं बांबू सोडला, मुठी बांधावर सांडल्या, आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून तशीच वाकून उभी राहिली.

चिखलातून रेश्मा धावत आली. "काय सांगितलं होतं डॉक्टरनं? काय सांगितलं होतं? माझं ऐकू नका, त्या डॉक्टरचं तरी ऐका! आता मणका गेला तर कोण…" तिनं सासूला दंडाला धरलं.

रंभानं दंड सोडवला नाही. ती बांबूकडे बघत होती. एक टोक मंगळीच्या खांद्यावर होतं, दुसरं जमिनीला टेकलं होतं.

"मंगळे," ती म्हणाली, "तू काय वाढलीस काय गो?"

"या वयात?" मंगळी म्हणाली. "मी हाय तिथंच हाय बाय."

मंगळीनं नजर वळवली आणि ती सांडलेल्या मुठी गोळा करू लागली.

भाकरी खायची वेळ झाली होती. बायका हातपाय धुऊन बांधावर आल्या. रेश्मानं फडक्यातून भाकऱ्या सोडल्या, जवळ्याची चटणी ताटात काढली. रंभा एका जागी उभीच होती.

"बसा ना आई."

"नाय. तू उभी राहा," रंभा म्हणाली. "पाठ लाव."

"काय?"

"माझ्या पाठीला पाठ लाव. सरिते, ते ताट घे."

सरिताला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसता हसता थांबली. "अगो, कशाला आता इथं…"

"घे बोलते ना. तेव्हा तूच ठेवलं होतंस, आता पण तूच ठेव. चटणी काढून ठेव दुसरीकडे."

"आई, राहू दे," रेश्मा हळू म्हणाली. "मला नको."

"तुला नको असेल, मला हवं. चार बायांत पायजे होतं ना तुला? ह्या बघ चार बाया. उभी राहा सरळ. वाकून माझ्याएवढी व्हायचं नाय, सांगून ठेवते."

रेश्मा उभी राहिली. ओल्या पाठीला ओली पाठ लागली. सासूच्या पाठीचा पोक तिला आपल्या कण्याला टोचताना जाणवला. सरितानं रिकामं ताट दोघींच्या डोक्यांवर आडवं ठेवलं आणि हात सोडला. ताट रंभाच्या बाजूला कललं, तिच्या कपाळावरून घसरलं आणि बांधावर आपटून चिखलात गेलं.

सरिता ताट उचलायलाही विसरली.

"किती?" रंभानं विचारलं.

सरितानं बोटं लावून पाहिली. "चार बोटं असतील," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "पदर भिजलाय ना, त्यानं पण…"

"पदर राहू दे." रंभानं कपाळावरचा चिखल पुसला. "ऐकलंत सगळ्यांनी? वलणी जाग्यावर हाय. मीच खाली आली." आणि लगेच, कुणी काही चांगलं बोलायच्या आत, ती ओरडली, "आता बघता काय तोंडाकडे? खा. पाऊस वाढला तर भाकरीची खीर होईल. रेश्मे, ते ताट धू नीट, बांधावर शेण पडलंय."

रेश्मा ताट घेऊन पाटाच्या पाण्याकडे गेली. ते एक ताट धुवायला तिला बराच वेळ लागला. परत आली तेव्हा डोळे लाल होते, आणि तिनं पहिली भाकरी सासूला दिली.

"नागलीची?" रंभानं तोंड वाकडं केलं.

"नागलीचीच. आणि दही पण हाय. संपवायचं."

* * *

वाशिंदच्या खोलीचं पुन्हा कुणी काढलं नाही. आवणी संपली. रंभा सकाळी रस्त्यापर्यंत चालून येई, रविवारी खुर्चीत बसून अर्धा तास सगळ्यांना शिव्या घाली, आणि मिशेरीसाठी भगीरथच्या मागं लागे. पुडीच्या जागी आलेली गोळी डॉक्टर सांगतील तशी कमी होत होती. पाठ दुखायची. पुडीशिवाय आता ती खरी जेवढी होती तेवढी दुखायची, आणि रंभा ते सगळ्यांना सांगायची.

एवढं सगळं झालं, त्यात आपण काहीच केलं नाही, ही गोष्ट भगीरथच्या मनाला लागून राहिली होती. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. रंभा गोठ्याकडे होती, रेश्मा परसात. त्यानं स्टूल घेतलं, दोन्हीकडच्या जुन्या गाठी सोडल्या, दोरी लांब केली आणि वलणी खाली बांधली. सरितानं सांगितलं होतं तसं चार बोटं. मग एखादं बोट कमी पडायला नको, म्हणून आणखी थोडी. आपण बरोबर केलं असं त्याला फार दिवसांनी वाटलं. स्टूल जागेवर ठेवून तो ओटीवर आला आणि पाटी हातात घेऊन बसला.

संध्याकाळी शेखर कंपनीतून आला. आत जाताना त्याचं कपाळ बांबूवर आपटलं, पण फोन चालू होता म्हणून तो नुसता "आयला" म्हणून पुढं गेला.

मग रंभा आली. पाय धुऊन ती मधल्या घरात गेली. कोरडं पातळ हवं होतं. एवढ्या दिवसांत चवड्यांवर उभं राहायची तिला सवय झाली होती. ती भिंतीला एक हात टेकून चवड्यांवर झाली, दुसरा हात जमेल तितका वर ताणला. तो बांबूच्या वरून पलीकडे हवेत गेला.

ओटीवर भगीरथनं पाटी मांडीवरून खाली ठेवली.

"ही वलणी," आतून आवाज आला, "खाली कोणी बांधली?"

"मी नाय हां!" परसातून रेश्मा ओरडली.